उजवीकडचा रिकामा रकाना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कुणी शिकवायला नको. भूत, करणी, भानामती यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि आजही धड नाही. माझा विश्वास आहे तो सैल झालेल्या केबलवर. बारामतीत भिगवण रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. "प्लग नीट बसलाय का बघा" आणि "एकदा बंद करून चालू करा" ही दोन वाक्यं फोनवर बोलण्यात माझी चांगली उमेदीची वर्षं गेली. ज्याला ज्याला आपल्या मशीनमध्ये काहीतरी अजब वाटलं, त्याच्याकडं जाऊन मी कीबोर्डखालून शेंगदाण्याची टरफलं काढून दाखवलीत. उंदरानं कुरतडलेली वायर, आत वाळून गेलेली पाल, मुंग्यांची वसाहत... सगळं बघून झालं. भूत एकदाही निघालं नाही.

तरी हे लिहितोय. कारण तोंडानं कुणाला सांगायला गेलो तर समोरचा एक तर हसतो, नाहीतर स्वतःच्या मावशीची गोष्ट सुरू करतो. दोन्हीचा आता कंटाळा आलाय. तुम्ही निदान मध्ये तोडणार नाही.

तर, इंदापूर तालुक्यातून डाळिंब, पेरू आणि भाजीपाला खरेदी करणारी एक खासगी कंपनी आहे. नाव सांगत नाही, माझं काम अजून तिथं चालू आहे. मुख्य ऑफिस बारामतीत, माल घ्यायचं एक केंद्र भिगवणला, दुसरं निरवांगीला. तिन्हीकडचे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात. आणि या तिन्ही ठिकाणी बसून काम करणारी बाई मात्र एकच - मुलाणी आपा.

रशिदा मुलाणी त्यांचं नाव. वय पन्नाशीच्या आसपास, राहायला भिगवणला. त्यांचे मिस्टर इब्राहिमभाई उजनीच्या मासळीच्या व्यापारात. आपा कंपनीत अगदी पहिल्यापासून, त्यामुळे मालापासून माणसापर्यंत सगळं त्यांना पाठ. आठवड्याचे दिवस वाटून घेतलेले - काही दिवस बारामती, काही भिगवण, काही निरवांगी. आणि ही सगळी ये-जा स्वतःच्या स्कूटीवर. डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, पुढं डब्याची पिशवी. ती स्कूटी म्हणजे त्यांचा जीव होता. एसटीची वाट बघत उभं राहायचं नाही आणि कुणाला सोडायला या म्हणायचं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

आता त्यांची एक कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचे आयकॉन आपा खोली बघून लावायच्या. भिगवणला शेतकरी ज्या खिडकीशी उभे राहतात ती टेबलाच्या उजव्या हाताला, म्हणून आवक-पावतीचं सगळं स्क्रीनच्या उजवीकडं. निरवांगीला दार डावीकडं आणि वजनकाटा उजवीकडं, म्हणून शेतकऱ्यांची नावं डावीकडं आणि वजनाचं सगळं उजवीकडं. बारामतीला साहेबांची केबिन उजव्या अंगाला, तर साहेबांना दाखवायचं ते उजवीकडं आणि न दाखवायचं ते डावीकडं. मी एकदा विचारलं होतं, हे काय खूळ. तर म्हणाल्या, स्वयंपाकघरात डबे कसे लावतो, हात आपोआप जातो तसं. पटलं मला.

पण लफडं असं की, तिन्हीकडं त्यांचं लॉगिन एकच. सर्व्हर बिचारा इमानदार, भिगवणला शेवटची जी मांडणी दिसली ती उचलून बारामतीला नेऊन ठेवायचा. मग सकाळी सकाळी फोन. "संजूभाऊ, आज पुन्हा भिगवण हितं आलंय बघा." मी सरळ करायचो. दोन दिवसांनी निरवांगी भिगवणला गेलेलं असायचं. वैताग आला होता. शेवटी एक दिवस बसून मी सगळं वेगळं केलं. युजर एकच, पण प्रत्येक मशीनवर त्याचा डेस्कटॉप आपापला. एका ठिकाणचं दुसरीकडं जाणार नाही असं. निरवांगीला तर इंटरनेटचा भरवसाच नसतो, म्हणून ते मशीन मी सर्व्हरवरून काढूनच टाकलं. तिथं आपांच्या नावाचा एक युजर आहे, बस. बारामती नावाचं गाव जगात आहे हेसुद्धा त्या मशीनला माहीत नाही. हे जरा लक्षात ठेवा.

त्यानंतर बरेच महिने फोन नाही. मला वाटलं सुटलो.

मग दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, आणि फोनही सुरू झाले. पहिला भिगवणहून. उजवीकडचं सगळं आत सरकलंय म्हणाल्या. मी इथून दुकानात बसून त्यांच्या मशीनला जोडून बघितलं, तर खरंच. स्क्रीनच्या उजव्या कडेचा रकाना रिकामा आणि तिथले आयकॉन एकेक घर डावीकडं. ओढून परत लावले. पुढच्या आठवड्यात परत तेच, आता दोन घरं. मग बारामतीला. ठीक आहे, म्हटलं, सर्व्हरनं परत आपला जुना इमानदारपणा सुरू केला असेल. सगळ्या सेटिंग्ज पुन्हा तपासल्या. सगळं जागच्या जागी.

आणि मग निरवांगीहून फोन आला.

तुमच्यातले कॉम्प्युटरवाले आता म्हणतील - ऑटो अरेंज चालू राहिलं असेल. नव्हतं. रिझोल्यूशन बदललं असेल. नव्हतं. व्हायरस? बघितला. शिवाय ऑटो अरेंजनं आयकॉन डाव्या कोपऱ्यापासून खाली ओळीनं लागतात. हे तसं नव्हतंच. डावीकडचे जिथल्या तिथं, फक्त उजवीकडचे हटत होते. आणि एक गंमत - वरच्या बाजूला जास्त हटत होते, खाली कमी. तिन्हीकडं तसंच. खालच्या दोन ओळी नेहमी थोड्या बाहेर राहायच्या. आणि बारामती-भिगवणला दुसऱ्या कुणाच्या युजरनं उघडलं, तर त्याच मशीनवर सगळं ठीकठाक.

मग मी माणसांवर संशय घेतला. त्याला कारण होतं. आपांचा पासवर्ड म्हणजे गावची चावडी. कीबोर्डखाली चिकटपट्टीवर लिहिलेला, आणि ज्याला प्रिंट काढायची तो आपांच्या नावानं आत. निरवांगीचं केंद्र सांभाळणारे तात्या - वयानं मोठे, मिशा पांढऱ्या, सगळ्या गावाचे तात्या - तेसुद्धा नातवाचं हॉलतिकीट आपांच्याच लॉगिननं काढायचे. मी पासवर्ड बदलला आणि आपांना बजावलं, कुणालाही सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन, नवा पासवर्ड लै अवघड ठेवलाय म्हणून. मी आपांना विचारलं तर त्यांनाच आश्चर्य वाटलं. तात्यांनाही सांगायचा नव्हता का, म्हणाल्या.

तात्यांनी त्यांच्या परीनं निदान केलं होतं. एकदा मी तिथं गेलो तर मॉनिटरला लिंबू-मिरची बांधलेली. कुणीतरी आपांवर जळतंय आणि मशीनवर काहीतरी केलंय, असं त्यांचं मत. लिंबाचा रस स्पीकरवर ओघळला होता. मी तो पुसला, आयकॉन ओढून उजवीकडं लावले आणि घरी आलो. त्या महिन्यात मी हेच करत होतो... बारामतीला लाव, भिगवणला लाव, निरवांगीला लाव. गाडीवर पाठ मोडायची आणि डोळ्यापुढं आयकॉन नाचायचे. मला भीती वगैरे काही नव्हती, फक्त दमलो होतो.

भीती नंतर वाटली. ती अशी.

निरवांगीला व्होल्टेज वरखाली झालं आणि तिथल्या मशीनचा पॉवर सप्लाय जळला. तात्यांनी मशीन पिकअपमधून माझ्या दुकानात पाठवून दिलं. मी दुसरा सप्लाय तात्पुरता लावून चालू करून बघितलं, बाकी सगळं शाबूत होतं. आपांच्या युजरनं आत गेलो. आयकॉन आत सरकलेले होतेच. चांगले ओढून कडेपर्यंत लावले आणि या वेळी मोबाईलवर फोटो काढून ठेवला, कारण माझा आता माझ्यावरच विश्वास राहिला नव्हता. मग मशीन बंद केलं, सप्लाय काढून घेतला आणि डबा रॅकवर टाकला. नवीन पार्ट पुण्याहून यायचा होता. दुकानात मी एकटाच असतो. त्या मशीनला त्यानंतर ना वायर होती, ना वीज.

पार्ट यायला बरेच दिवस गेले. दरम्यान भिगवणहून आपांचा फोन येऊन गेला, अजून आत सरकलंय. मी जोडून बघितलं तर आता जवळपास मधोमध आले होते. वर मध्यापर्यंत, खाली थोडे बाहेर. मी हातसुद्धा लावला नाही, नंतर बघू म्हटलं.

पार्ट आला त्या दिवशी दुपारी मी तो बसवला आणि मशीन चालू केलं. आपांच्या नावानं आत गेलो.

आयकॉन मधोमध होते. वर मध्यापर्यंत, खाली थोडे बाहेर.

मोबाईल काढून फोटो बघितला. फोटोत सगळे कडेपर्यंत. स्क्रीनवर अर्धी बाजू रिकामी. बाहेर भर दुपारचा रस्ता वाहत होता, ट्रॉल्यांवर गाणी लागलेली, आणि मी दुकानात खुर्चीवर बसून घामानं भिजलो होतो. स्पष्टच सांगतो, मला भीती वाटली. आपांनी हे मशीन इतक्या दिवसांत बघितलंही नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. बंद डब्यात, बिनविजेचं, ते सरकत राहिलं होतं... आणि भिगवणच्या बरोबरीनं.

आपा त्या दिवशी बारामतीच्या ऑफिसात होत्या. मी फोन करून दुकानात बोलावलं. का ते मलाही माहीत नव्हतं. बहुतेक दुसऱ्या कुणीतरी ते बघावं एवढंच वाटत होतं. जेवणाच्या सुट्टीत स्कूटी घेऊन आल्या, पायरीपाशी लावली, हेल्मेट हातात. मी चहा सांगितला. चहावाला ग्लास ठेवून गेला, त्यांचा त्यांच्या उजव्या हाताशी.

मी मशीन त्यांच्याकडं वळवलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आपा, बघा, मी आता परत नीट लावतो. त्यांच्यासमोर एकेक आयकॉन उजव्या कडेला नेऊन ठेवला. "झालं," म्हटलं. "हे वजनाचं, हे काट्याचं. आता ठीक आहे ना?"

"कुठं हाय?"

"हे काय."

"न्हाय की वो. तुमी घालवलं ते."

मला वाटलं चेष्टा करतायत. तेवढ्यात त्यांनी मान जरा उजवीकडं फिरवली आणि म्हणाल्या, हां, आहे आहे, दिसलं. चहा गार होत होता. मी म्हटलं, आपा, चहा घ्या. तर माझ्याकडं बघून हसल्या.

"दिलाय कुठं तुमी? नुसतं सांगितलाय."

ग्लास त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. त्यातून वाफ येत होती.

मी तो उचलून डावीकडं ठेवला. त्यांनी लगेच घेतला आणि पिऊ लागल्या. मी पायरीपाशी उभ्या असलेल्या स्कूटीकडं बघितलं. भिगवण ते बारामती, भिगवण ते निरवांगी, आठवड्यातून कितीदा... रस्त्यावर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या... आणि आपल्याकडं समोरून येणारं सगळं येतं ते उजव्या बाजूनं. त्या बाईला उजवीकडचं जग दिसत नव्हतं आणि ते तिला माहीतच नव्हतं.

टेबलावर स्कूटीची किल्ली होती. मी ती उचलून खिशात घातली.

त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्यांना परत ऑफिसला जायचं होतं आणि संध्याकाळी भिगवणला. मी म्हटलं, आधी डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊ. त्या म्हणाल्या, डोळ्याला काय झालंय, सुईत दोरा ओवते मी. आणि ते खरंही होतं. त्यांना समजावून सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. काय सांगणार, निरवांगीचा कॉम्प्युटर असं म्हणतोय म्हणून? शेवटी मी हात जोडले. म्हटलं, आपा, मी तुमची किती कामं केली, आजवर कधी काही मागितलं नाही, आज माझ्यासाठी चला. चिडून, तोंड फिरवून, पण आल्या.

डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. सगळी वाचली, अगदी खालची ओळही. माझ्याकडं असं काही बघितलं की मला वाटलं, आता जन्मभर ऐकावं लागणार. मग मी डॉक्टरांना चहाच्या ग्लासाचं सांगितलं. आपांना म्हणाले, माझ्या नाकाकडं बघत राहा, आणि माझं बोट दिसलं की सांगा.

डावीकडून बोट आत आणलं, आपा लगेच म्हणाल्या, दिसलं. उजवीकडून आणलं... आणलं... बोट अगदी समोर, नाकाच्या रेषेत आलं तेव्हा म्हणाल्या, दिसलं. मग एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळ्यांना तसंच. मग डॉक्टरांनी हात खाली नेला आणि उजवीकडूनच पुन्हा आत आणला. तिथं त्यांना जरा लवकर दिसलं.

वर मध्यापर्यंत, खाली थोडं बाहेर. मी भिंतीला टेकून उभा होतो. ती रेघ मला पाठ होती, किती आठवडे मी तीच पुसून काढत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा दोष नाही, आजच्या आज पुण्याला न्या. इब्राहिमभाई भिगवणहून तसेच, मासळीच्या कपड्यांवर आले. पुण्यात मेंदूचा फोटो काढला तर डोक्याच्या मागच्या बाजूला, डाव्या अंगाला गाठ. हळूहळू वाढत आलेली. तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूची डावी बाजू उजवीकडचं बघते, आणि अशा माणसाला काळं वगैरे काही दिसत नाही, गेलेली बाजू गेली आहे हेच कळत नाही. बहुतेकांना कुठंतरी धडकल्यावर कळतं. त्यांनी विचारलं, कशामुळं लक्षात आलं तुमच्या? मी म्हटलं, चहाच्या ग्लासामुळं. खोटं नव्हतं ते.

बाहेर बाकड्यावर इब्राहिमभाई माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, "ताटात उजवीकडचं तसंच ऱ्हायचं तिचं. भाकर अर्धी खायची. मला वाटलं, जेवण कमी झालंय." आणि रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो, दुसरं काय करणार.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण उजवी बाजू परत आली नाही. येईल हळूहळू, कदाचित येणारही नाही, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं. स्कूटी चालवायची नाही, हे मात्र पक्कं. कंपनीनं चांगलं केलं, आपांना भिगवणलाच एका जागी बसायला दिलं. मी तिथं जाऊन त्यांचा डेस्कटॉप सगळा डाव्या अर्ध्यात मांडून दिला. खिडकीकडचं आवक-पावतीचंसुद्धा डावीकडं. त्या शेजारी बसून बघत होत्या. आता हाताला सवय लागेल, म्हणाल्या. मान फिरवून बघायला शिकल्या होत्या. शेतकरी खिडकीशी आला की आधी मान, मग माणूस. स्कूटी घराच्या पडवीत, पोत्याखाली झाकलेली. आपा तिच्याकडं बघायच्या नाहीत, तेवढ्यासाठी मागच्या दारानं जायच्या. हे मला इब्राहिमभाईंनी सांगितलं.

आता तुमचा प्रश्न. आपांना दिसत नव्हतं म्हणून त्या स्वतःच नकळत आयकॉन ओढून आत घेत असतील, असंच ना? मलाही तेच वाटतं. भिगवणचं, बारामतीचं, निरवांगीचं आधीचं - सगळं त्यात बसतं. हात आपोआप जायचा तिथं सगळं आणून ठेवत असतील. मी हे स्वतःला इतक्या वेळा समजावलंय की आता पाठ झालंय. फक्त रॅकवरचा तो बंद डबा त्यात बसत नाही. त्याला मी कसंही फिरवलं तरी बसत नाही. एका ओळखीच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं, तर म्हणाला प्रोफाईल करप्ट असेल, म्हणजे आपांच्या युजरची फाईल बिघडली असेल. असेल. पण करप्ट प्रोफाईलला आपांचा डोळा कसा माहीत, हे त्याला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर त्यानं माझ्याच मेंदूचा फोटो काढायला पाठवलं असतं.

निरवांगीचं मशीन मी दुरुस्त करून परत दिलं होतं. तिथं आता दुसरा माणूस बसतो, त्याचा वेगळा युजर. आपांचा युजर काढून टाक असं मला सांगितलं होतं, मी काढला नाही. काढायला हात धजला नाही, एवढंच. आपांसमोर कडेला लावलेले त्यातले आयकॉन मशीन परत देईपर्यंत पुन्हा मधोमध आले होते, ते तसेच राहू दिले.

उन्हाळ्यात प्रिंटर अडला म्हणून तिकडं गेलो होतो. रस्त्यानं डांबर वितळलेलं, डोकं तापलेलं. तात्या बाहेर झाडाखाली पडलेले. प्रिंटर झाला, आणि निघता निघता, का कोण जाणे, मी आपांच्या नावानं आत गेलो.

खालच्या ओळी एक घर उजवीकडं गेल्या होत्या.

मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो. परत आत येऊन बघितलं. एक घर, वरची ओळ तशीच. तात्यांना विचारलं, हे कुणी उघडलं होतं का. ते म्हणाले, त्याला कोन हात लावतंय. मग मी आपांना फोन लावला. कसं विचारावं ते कळेना. तब्येत विचारली, ऊन किती आहे ते झालं. मग म्हटलं, आपा... उजवीकडचं काही दिसायला लागलंय का?

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"सकाळी भाकरी थापताना," त्या म्हणाल्या, "उजव्या हाताची बोटं दिसली. खालच्या अंगाला. मला वाटलं, भास हाय. ह्यांना पण बोलले न्हाय अजून. कुणालाच न्हाय."

मी परत स्क्रीनवरच्या खालच्या ओळींकडं बघितलं.

"संजूभाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी निरवांगीला हाय का?"

मी म्हटलं, हो.

त्यांना मी त्या बंद डब्याचं कधीच सांगितलं नव्हतं, फक्त दुकानात बसून आयकॉन ओढून दाखवले होते. तरी त्यांनी कसं ओळखलं, तेही मला माहीत नाही. बराच वेळ त्यांच्या नाकातून श्वासाचा आवाज येत होता, रडत असाव्यात. मग म्हणाल्या, "त्याला हात लावू नका. हाय तसं राहू द्या."

त्यानंतर कंपनीनं निरवांगीला नवीन मशीन घेतलं. जुनं भंगारात निघालं होतं, ते मी मागून घेतलं. आता ते माझ्या दुकानात त्याच रॅकवर आहे. त्याला नेट नाही, माऊसही जोडलेला नाही. मधून अधून, काम कमी असलं की चालू करतो. खालच्या ओळी आता कडेला जाऊन टेकल्यात. मधल्या निघाल्यात. डॉक्टरांनी मागच्या वेळी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, सुधारणा आहे, आणखी होऊ शकते. इब्राहिमभाईंनी मला आनंदानं फोन करून सांगितलं. मी म्हटलं, अरे वा. मला ते आधीच माहीत होतं.

मला याचं काहीही स्पष्टीकरण देता येत नाही. कुणाला देता आलं तर जरूर लिहा, पण प्रोफाईल करप्ट म्हणू नका, ते ऐकून झालंय. आपा कधी बारामतीला आल्या की दुकानात डोकावतात. मशीनकडं बघत नाहीत. चहा पितात, ग्लास आता मी मुद्दाम उजवीकडं ठेवतो, आणि परवा त्यांनी मान न फिरवता तो उचलला. स्कूटीवरचं पोतं काढलंय म्हणाल्या, नुसतं पुसायला. चालवत नाही अजून.

वरच्या ओळीत उजव्या कडेला दोन घरं अजून रिकामी आहेत. मी तिथं काही ओढून नेत नाही. आयकॉन आपले आपण जातील.